विटा, चुना आणि तंजावरच्या राजाचा शब्द

1779 साल संपत आलं होतं आणि मद्रासच्या इंग्रज सरकारला एका जर्मन पाद्र्याला काहीतरी द्यायचं होतं. ख्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ त्याचं नाव. हैदर अलीच्या मनात काय चाललंय ते काढायला आणि आमच्याकडून युद्ध नको हा निरोप पोचवायला सरकारने त्याला थेट श्रीरंगपट्टणला पाठवलं होतं, कारण इंग्रजांच्या वकिलांवर हैदरचा भरोसा नव्हता, या एका माणसावर होता. तो जाऊन आला, बक्षीस नको म्हणाला, आणि अगदीच द्यायचं असेल तर एक करा म्हणाला, तंजावरला सरकारी साठ्यात विटा आणि चुना पडलाय, तो आमच्या चर्चच्या कामाला द्या, कारण जमलेल्या वर्गणीत सगळं भागत नाहीये.

मला हा प्रसंग वाचल्यापासून या चर्चबद्दल ओढ लागली. ज्यांनी कधी गावच्या देवळाचं, शाळेच्या खोलीचं, सोसायटीच्या हॉलचं बांधकाम वर्गणीवर रेटलंय त्यांना लगेच कळेल मी काय म्हणतोय ते. पायाभरणीला सगळे येतात, नारळ फुटतो, फोटो निघतात, मग भिंती कमरेइतक्या वर आल्या की पैसे संपतात आणि तिथून पुढे एक माणूस लागतो, जो कुठेही गेला तरी त्याच्या डोक्यात सिमेंटची पोतीच असतात. श्वार्ट्झ तसा होता. हैदरच्या दरबारातून परत येतानाही त्याच्या डोक्यात तंजावरच्या भिंती होत्या. हैदरने वाटखर्चाला म्हणून दिलेले 300 रुपयेसुद्धा त्याने आधी सरकारपुढे ठेवले, आणि सरकारने तुझ्याकडेच ठेव म्हटल्यावर तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेत घातले.

आपल्याकडून तंजावरला जाणारा माणूस बहुतेक दोन गोष्टी बघतो. बृहदीश्वराचं देऊळ, आणि सरस्वती महाल ग्रंथालय. देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलाय, सर्फोजीराजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला, इतका लांबलचक शिलालेख मराठीत दुसरा सापडणं कठीण, आणि तमिळ मुलुखात, चोळांच्या दगडावर आपली लिपी बघताना कुणालाही भरून येतं. पण त्याच शिवगंगा किल्ल्यात, तलावाजवळ एक साधं जुनं चर्च आहे आणि आत संगमरवरात कोरलेला एक भोसले राजा उभा आहे, मरणाऱ्या पाद्र्याचा हात हातात घेऊन. तिथे आपले लोक फारसे जात नाहीत. हे चर्च मुळात एका लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रॉटेस्टंट पंथाच्या, पाद्र्याने उभं केलं, आणि ते कसं उभं राहिलं, जागा कुणाची, पैसे कुणाचे, आणि शेवटी मालकी कुणाकडे गेली, ही गोष्ट मराठी माणसाने मराठीत सांगायलाच हवी असं मला मनापासून वाटतं, कारण तिच्यात आपले राजे अगदी मधोमध आहेत.

पण सुरुवात तंजावरात होत नाही, समुद्रावर होते.

तरंगंबाडी. इंग्रज त्याला ट्रँकेबार म्हणायचे. 1620 मध्ये डेन्मार्कच्या राजाचा दर्यासारंग ओव्ह गेडे तिथे आला आणि तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून किनाऱ्याचा एक छोटा पट्टा भाडेपट्ट्याने घेतला. किल्ला बांधला, डान्सबोर्ग, तो आजही समुद्राकडे तोंड करून उभा आहे. पुढे नायकांचं राज्य गेलं, 1676 च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर आले, आणि डॅनिश लोकांचं ते वार्षिक भाडं आता भोसल्यांच्या खजिन्यात जमा व्हायला लागलं. म्हणजे भारतातल्या प्रॉटेस्टंट मिशनची पहिली मोठी वसाहत ज्या जमिनीवर उभी राहिली तिचं भाडं घेणारे मालक मराठे होते. संबंध नेहमी गोड होते असं नाही. 1699 मध्ये तंजावरच्या फौजेने तरंगंबाडीला वेढा घातला होता आणि डॅनिश लोकांना इंग्रजांची मदत घ्यावी लागली होती.

9 जुलै 1706 ला तिथे दोन तरुण जर्मन उतरले, बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्यूचाउ. पाठवणारा डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक, शिक्षण जर्मनीतल्या हालेचं. त्सीगेनबाल्ग दुसऱ्या दिवशी 24 वर्षांचा झाला. डॅनिश लोकांचं स्वतःचं झायन चर्च गावात 1701 पासून होतं, पण ते युरोपियनांचं. 12 मे 1707 ला या दोघांनी पहिले बाप्तिस्मे दिले ते पाच जणांना आणि ते पाचही डॅनिश घरांमधले गुलाम. आता ही जी नवी मंडळी जमायला लागली, गुलाम, नोकर, पोर्तुगीज बोलणारे, तमिळ बोलणारे, यांना साहेबांच्या चर्चमध्ये कुठे बसवायचं? वेगळी जागा हवी होती आणि डॅनिश कमांडंट हास्सियुस याचा या सगळ्याला विरोध. तरी दोघांनी आपल्या पगारातले पैसे घालून काम सुरू केलं आणि 14 ऑगस्ट 1707 ला छोटं जेरुसलेम चर्च समर्पित झालं. युरोपातून पैसे यायचे होते, आलेही, पण जहाजावरून किनाऱ्यावर आणताना होडी उलटली आणि रक्कम समुद्रात गेली. त्सीगेनबाल्गला 1708 मध्ये हास्सियुसने किल्ल्यात डांबलं, चार महिने. पैसा नाही, सत्ता विरोधात, चर्चचा प्रमुख तुरुंगात, आणि मंडळी मात्र वाढत होती.

मग 1715 मध्ये समुद्र चढला आणि त्या पहिल्या जेरुसलेम चर्चची वाताहत झाली. तरंगंबाडीचा समुद्र असाच आहे. तिथलं मासिलामणिनाथाचं देऊळ, 14व्या शतकातलं, त्याचाही पुढचा भाग लाटांनी खाल्लाय, आणि 2004 च्या त्सुनामीत त्या गावावर काय ओढवलं ते आपण सगळ्यांनी ऐकलंय.

दुसरं चर्च बांधायचं ते मात्र पक्कं, मोठं आणि जरा आत, राजाच्या रस्त्यावर. त्सीगेनबाल्ग मधल्या काळात युरोपात जाऊन लग्न करून परत आला होता, हास्सियुस बदलून गेला होता, डेन्मार्कच्या राजाने टपाल खात्याच्या उत्पन्नातून मिशनला वर्षाला 2000 टालर, म्हणजे तिकडची चांदीची नाणी, लावून दिले होते. 9 फेब्रुवारी 1717 ला पाया घातला आणि 11 ऑक्टोबर 1718 ला न्यू जेरुसलेम चर्च समर्पित झालं. दर्शनी भागावर फ्रेडरिक राजाची मोहर आणि मुकुट, खाली 1718. आत गेलात तर आराखडा क्रुसासारखा, चारही हात जवळपास सारखे.

आणि याच वेळी कोपनहेगनमधून वेगळाच सूर येत होता. तिथल्या मिशन मंडळाचा सचिव ख्रिस्टियान वेंट याचं म्हणणं, मिशनऱ्यांनी प्रेषितांसारखं रिकाम्या हाताने गावोगाव फिरावं, चर्च, घरं, शाळा अशा इमारतींमध्ये पैसा आणि जीव गुंतवू नये. मी वेंटची बाजू समजून घ्यायचा प्रयत्न केलाय, धर्माची भाषा म्हणून ती उदात्त आहे, पण ती उबदार ऑफिसात बसून लिहिलेली आहे. तरंगंबाडीच्या ज्या गुलाम बाईने बाप्तिस्मा घेतला तिला तिचे जुने लोक दारात उभे करणार नव्हते, मालकाच्या घरात तिचा कोपरासुद्धा तिचा नव्हता. तिच्यासाठी ते चर्च म्हणजे या जगातली पहिली अशी जागा होती जिथून तिला कुणी ऊठ म्हणणार नव्हतं. इमारत ही चैन वाटते ती ज्याच्याकडे आधीच घर आहे त्यालाच. त्सीगेनबाल्गने हे ओळखलं होतं, म्हणून मी पूर्ण त्याच्या बाजूने आहे. वेंटच्या कडक पत्रांनी त्याला फार त्रास झाला. चर्च उभं राहून पाच महिने होत नाहीत तोवर, 23 फेब्रुवारी 1719 ला तो गेला, वय 36. त्याच चर्चमध्ये वेदीजवळ त्याला पुरलंय.

फक्त एक गोष्ट इथे सांगितली नाही तर अर्धवट राहील. ऊठ म्हणणार नव्हतं हे खरं, पण कुठे बस हे सांगणारे होते. त्या 18व्या शतकात तरंगंबाडीच्या मंडळीत वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींचे ख्रिस्ती एका बाजूला आणि अस्पृश्य मानलेल्या परैयर जातीचे ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला बसायचे, वरच्यांना चटया, बाकीच्यांना नुसती जमीन. क्रुसाच्या आकाराचे चार हात या वेगळं बसवण्याला सोयीचे पडले. एकाच छताखाली, एकाच वेदीकडे तोंड करून, तरी मध्ये अंतर. पुढे याच अंतरावरून मंडळीतली माणसं फुटली, ते येईलच.

आता तंजावर. त्सीगेनबाल्गला भोसल्यांच्या मुलुखात शिरता आलं नाही, एकदा तमिळ पोशाख करून निघाला होता पण वाटेतून परत यावं लागलं. युरोपियन पाद्र्यांना राज्यात येण्याची मोकळीक नव्हती. पण पुस्तक गेलं. तंजावरच्या फौजेत राजनायक्कन नावाचा एक माणूस होता, जन्माने कॅथलिक, त्याच्या हातात त्सीगेनबाल्गने छापलेला तमिळ नवा करार, म्हणजे बायबलचा येशूनंतरचा भाग, पडला, आणि 1727 मध्ये तो तरंगंबाडीला येऊन लुथरन झाला, पुढे उपदेशक म्हणून तंजावर भागातच फिरायला लागला. म्हणजे तंजावरात लुथरन मंडळी आधी झाली, ती एका मराठी राज्याच्या शिपायाच्या हातून झाली, पाद्री नंतर आला आणि चर्च तर त्याच्याही नंतर, पन्नासेक वर्षांनी. मधली पन्नास वर्षं ही माणसं घराच्या पडवीत, कुणाच्या अंगणात, छपराखाली जमत राहिली. ज्यांच्या नावाने कुठलाही कागद नाही अशी ही मंडळी या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जवळची वाटते.

श्वार्ट्झ 1750 मध्ये भारतात आला. सोनेनबुर्गचा, ते गाव आज पोलंडमध्ये आहे. 1762 पासून तो त्रिचनापल्लीला राहायला लागला, इंग्रजांची मोठी छावणी होती तिथे, आणि छावणीतल्या अधिकाऱ्यांच्या, शिपायांच्या वर्गणीतून त्याने तिथे क्राइस्ट चर्च बांधलं, 18 मे 1766 ला समर्पण. सरकारने त्याला छावणीचा पाद्री म्हणून वर्षाला 100 पौंड लावून दिले, त्यातला मोठा भाग तो मिशनच्या घरावर, शाळेवर घालायचा. लग्न नाही, गरजा कमी. इथे आणखी एक गुंता आहे. श्वार्ट्झ लुथरन, दीक्षा लुथरन, पण पगार लंडनच्या एका अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, संस्थेचा, एसपीसीके नावाच्या. त्या काळी याचं कुणाला काही वाटत नव्हतं, जर्मन माणसं मिळतायत आणि इंग्रजांचा पैसा मिळतोय, चाललंय. पण प्रॉपर्टीच्या बाबतीत हा अनुभव आपल्या सगळ्यांना असतो की ज्याच्या खात्यातून पैसे जातात त्याचं नाव हळूहळू कागदावर चढतं.

30 एप्रिल 1769 ला श्वार्ट्झ पहिल्यांदा तंजावरच्या तुळजाराजांना भेटला. वर्णन वाचलं की एकदम ओळखीचं वाटतं, राजे खांबांना टांगलेल्या झोपाळ्यावर बसलेले. तमिळ देशातल्या महालात मराठी माणूस झोपाळ्यावर बसून परदेशी पाहुण्याची विचारपूस करतोय. आधी दुभाष्यामार्फत फार्सीतून बोलणं सुरू झालं, मग राजे म्हणाले तमिळ बोला, आणि श्वार्ट्झ सरळ तमिळमध्ये देवाबद्दल बोलायला लागला. तुळजाराजांना हा माणूस आवडला. पुढे श्वार्ट्झ मराठीसुद्धा शिकला, राजाशी आणि दरबारातल्या लोकांशी त्यांच्या घरच्या भाषेत बोलता यावं म्हणून. तमिळ, फार्सी, हिंदुस्थानी, पोर्तुगीज आधीच येत होत्या. राजे त्याला आपला पाद्री म्हणायचे. स्वतः ख्रिस्ती होण्याचा विषय त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नाही, ब्राह्मण कारभारी आणि सगळा दरबार भोवती होता, आणि श्वार्ट्झनेही त्यावरून संबंध तोडला नाही.

1773 मध्ये अर्काटच्या नवाबाने इंग्रजांच्या फौजेच्या जोरावर तंजावर घेतलं, तुळजाराजे कैदेत. तीन वर्षांनी, 1776 मध्ये लंडनहून हुकूम आला आणि राज्य परत मिळालं, पण आता किल्ल्यात इंग्रजांची पलटण बसली होती आणि खजिना कोरडा. अशा वेळी श्वार्ट्झ तंजावरला कायमचा राहायला आला. राजाकडे द्यायला पैसा नव्हता, परवानगी मात्र होती, आणि भोसल्यांच्या राज्यात त्या परवानगीला किंमत होती. 10 मार्च 1779 ला छोट्या, म्हणजे शिवगंगा किल्ल्यात चर्चचा पाया घातला, तेही बृहदीश्वराच्या शेजारी. पैसे छावणीच्या वर्गणीतून आणि श्वार्ट्झच्या खिशातून. मग ती हैदरकडची फेरी, मग विटा आणि चुना. 16 एप्रिल 1780 ला समर्पण, याचंही नाव क्राइस्ट चर्च. किल्ल्याबाहेर पूर्वेला मानंबुचावडी भागात तमिळ मंडळीसाठी वेगळी वस्ती, प्रार्थनेची जागा, शाळा, आणि श्वार्ट्झचं राहतं घर आणि बाग. किल्ल्यातलं मुख्यतः इंग्रज पलटणीच्या सोयीचं, बाहेरचं खरं मंडळीचं.

समर्पणाला तीन महिने झाले आणि हैदरच्या फौजा कर्नाटकात उतरल्या. तंजावरचे कालवे फुटले, शेतं जळाली, दुष्काळ पडला. किल्ल्यात शिपाई आणि लोक उपाशी, बाहेर खेड्यांत थोडंफार धान्य आहे पण शेतकरी आत आणायला तयार नाहीत, कारण आधी ज्यांनी आणलं त्यांना पैसेच मिळाले नव्हते, बैलसुद्धा हिसकावले गेले होते. तेव्हा तुळजाराजे आपल्या कारभाऱ्याला म्हणाले, आपली सगळ्यांची पत गेली, माझीही आणि तुमचीही, लोक त्या पाद्र्यावर विश्वास ठेवतात का बघू. श्वार्ट्झला कोरा अधिकार दिला. त्याने गावोगाव चिठ्ठ्या पाठवल्या, पैसे मी देतो, माझ्या हाताने. दोनेक दिवसांत हजारभर बैल जमा झाले आणि थोड्याच काळात 80 हजार कलम (धान्याचं तिथलं माप) धान्य किल्ल्यात आलं. आणि त्याने शब्द दिल्याप्रमाणे पैसे चुकते केले, प्रत्येकाला घरी पाठवलं.

राजाने स्वतःच्या तोंडाने आपली पत गेली म्हणणं ही साधी गोष्ट नाही. मला तुळजाराजांबद्दल इतिहासात बरंच कडवट वाचायला मिळालं, पण या एका वाक्यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर आहे. आणि मला वाटतं ते चर्च खऱ्या अर्थाने या दुष्काळात पूर्ण झालं, 1780 च्या समर्पणात नाही. तोवर ती पलटणीच्या पैशाने, सरकारी चुन्याने बांधलेली परक्यांची इमारत होती. नंतर ती त्या माणसाची इमारत झाली ज्याच्या चिठ्ठीवर मराठवट कारभाऱ्यांना न मिळालेलं धान्य तमिळ शेतकऱ्यांनी दिलं. कुठल्याही धर्माची वास्तू असो, आसपासच्या लोकांनी तिला आपल्यात घेतलं की नाही हे सातबाऱ्यावरून नाही कळत, अडचणीच्या वर्षी कळतं. तुळजाराजांनी पुढे शाळेसाठी आणि अनाथ मुलांसाठी म्हणून एका गावाचं उत्पन्न मिशनला लावून दिलं. हिंदू राजा, लुथरन पाद्री, अनाथ मुलं बहुतेक दुष्काळातली, आणि इनामाची पद्धत तीच जी देवळांना, मठांना, दर्ग्यांना होती.

1787 मध्ये तुळजाराजे गेले. जायच्या आधी त्यांनी दहा वर्षांच्या सर्फोजीला दत्तक घेतलं आणि श्वार्ट्झला बोलावून, हा मुलगा आता तुमचा म्हणून त्याच्या हवाली करायला निघाले. श्वार्ट्झने नाही म्हटलं, बागेत राहणारा पाद्री राजपुत्राला कसा सांभाळणार, तुमच्या भावाकडे द्या. भाऊ म्हणजे अमरसिंह, आणि तेच गादीवर बसले, आणि त्या पोराचे हाल झाले, कोंडून ठेवलं, शिक्षण बंद. शेवटी श्वार्ट्झनेच कंपनीकडे खटपट करून त्याला मद्रासला पाद्री गेरिके यांच्याकडे पाठवलं, तिथे तो शिकला. सर्फोजी म्हणजे पुढे सरस्वती महाल वाढवणारे, वैद्यक, छपाई, नकाशे, संगीत सगळ्यात रस असलेले दुसरे सर्फोजी महाराज.

13 फेब्रुवारी 1798 ला श्वार्ट्झ गेला. होतं नव्हतं ते सगळं त्याने मिशनला ठेवलं. सर्फोजी तेव्हा अजून गादीवर नव्हते, काही महिने बाकी होते. ते अंत्यविधीला आले, दरबारी रिवाज बाजूला ठेवून शवपेटीजवळ रडले. किल्ल्याबाहेरच्या मंडळीच्या चर्चमध्ये त्याला पुरलं आणि दगडावर सर्फोजींनी स्वतः इंग्रजीत केलेल्या ओळी आहेत, अनाथांचा बाप, विधवांचा आधार असं त्यात म्हटलंय. आणि 1801 मध्ये त्यांनी लंडनला लिहून शिल्पकार जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं, तेच किल्ल्यातल्या चर्चमध्ये आहे. पलंगावर श्वार्ट्झ, उशाशी गेरिके, कडेला मुलं, आणि पगडीतले सर्फोजी त्याचा हात धरून. पलीकडे देवळाच्या भिंतीवर पूर्वजांचा इतिहास कोरून घेणं आणि इकडे चर्चमध्ये आपल्या गुरूचं स्मारक, दोन्ही एकाच राजाने थोड्याच वर्षांच्या अंतराने उभं केलंय, आणि ते दोन्ही मिळूनच तो राजा पुरता कळतो.

यानंतरचं थोडक्यात सांगतो कारण ते मला दुःखद वाटतं. 1825 च्या सुमारास एसपीसीकेने आपली दक्षिणेतली मिशनं एसपीजी या दुसऱ्या अँग्लिकन संस्थेकडे ट्रान्सफर केली, जमीन, चर्च, शाळा, सगळ्यासकट. मंडळीला कुणी विचारलं नाही. श्वार्ट्झच्या हाताखाली वाढलेले योहान कास्पार कोलहॉफ 1844 पर्यंत तंजावरात होते, ते शेवटपर्यंत लुथरनच राहिले, पण चर्च आता लुथरन राहिलं नव्हतं. 1833 मध्ये कलकत्त्याचा अँग्लिकन बिशप विल्सन याने हुकूम काढला की मंडळीत जातिभेद ताबडतोब आणि कायमचा बंद, वेगळं बसणं बंद, प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमधल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीचा, वेगळा प्याला बंद. तंजावरच्या वेल्लाळ, म्हणजे वरच्या समजल्या जाणाऱ्या शेतकरी जातीच्या, ख्रिस्त्यांनी मोठा विरोध केला, त्यात वेदनायगम शास्त्री पुढे होते, श्वार्ट्झचे शिष्य आणि सर्फोजींच्या आश्रयाचे मोठे तमिळ कवी. ते म्हणत होते की जुने लुथरन गुरू आम्हाला आमच्या चालीने राहू देत होते. आणि 1840 नंतर जर्मनीतल्या लाइप्झिगचे लुथरन मिशनरी आले तेव्हा यातले बरेचसे लोक त्यांच्याकडे गेले, कारण लाइप्झिगवाले जातीच्या बाबतीत सबुरीने घ्या म्हणत होते. तंजावरात लुथरन मंडळी अशी परत उभी राहिली.

इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. ज्यांच्या आजोबांनी अंगणात प्रार्थना केल्या त्यांच्या डोक्यावरून लंडनमध्ये कागद फिरले, हा अन्याय होता. पण त्यांच्यातल्या वरच्यांनी जी गोष्ट राखायला नवं घर शोधलं ती चटई आणि जमिनीतलं अंतर होती, आणि त्या बाबतीत विल्सन बरोबर होता, कितीही हुकमी भाषेत बोलला तरी. ज्या परैयर कुटुंबांनी शंभर वर्षं नुसत्या जमिनीवर बसून त्याच देवाची भक्ती केली त्यांना या दोन्ही भांडणांत कुणी मत विचारलं नव्हतं.

तरंगंबाडीचं मात्र वेगळं झालं. 1845 मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी आणि श्रीरामपूर इंग्रज कंपनीला साडेबारा लाख रुपयांना विकून टाकलं. मिशनची मालमत्ता दोन वर्षांत लाइप्झिगच्या हाती आली, म्हणजे लुथरनांकडेच राहिली, आणि 1919 मध्ये तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्च स्थापन झालं तेव्हा ती या भारतीय चर्चकडे आली. त्यांचे बिशप आजही तरंगंबाडीचे बिशप म्हणवले जातात. किल्ल्यातलं श्वार्ट्झचं चर्च मात्र ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’कडे आहे, म्हणजे अँग्लिकन आणि इतर प्रॉटेस्टंट मंडळ्या मिळून झालेल्या चर्चकडे.

तंजावरला गेलात तर बृहदीश्वरातून निघाल्यावर शिवगंगा तलावाची वाट विचारा, चर्च जवळच आहे, रविवारी उपासना होते म्हणून सकाळची वेळ सोडून जा किंवा सरळ उपासनेलाच जाऊन मागे बसा. एक दिवस जास्तीचा असेल तर तरंगंबाडीही करा, मायिलाडुतुरैवरून जाता येतं. तिथे राजाच्या रस्त्यावर झायन आणि न्यू जेरुसलेम दोन्ही चर्चं जवळजवळ आहेत, साहेबांचं आणि मंडळीचं. आधी झायन बघा, मग समोरचं.